घरी आणलेल्या पिल्लाचे पोट बिघडते तेव्हा

पावसाळा सरून थंडी पडू लागली की आपल्या वस्त्यांमध्ये कुत्र्यांची पिल्ले दिसू लागतात. रिक्षा स्टँडच्या मागे, विहाराच्या भिंतीलगत, बांधकामाच्या वाळूच्या ढिगावर. त्यातले एखादे आई गाडीखाली गेल्यामुळे एकटे उरलेले असते. शाळेतून येणारी मुले ते उचलून घरी आणतात. पहिला दिवस कौतुकाचा असतो. नाव ठेवले जाते, आजीच्या जुन्या लुगड्याची घडी अंथरली जाते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिल्लाला जुलाब लागतात. स्वयंपाक, अभ्यास आणि झोप हे सगळे जिथे एकाच खोलीत होते, तिथे ही लहान अडचण नसते. मग घरातले कोणीतरी म्हणते, "जिथून आणले तिथे सोडून या."

असे पिल्लू परत रस्त्यावर गेले तर ते बहुधा जगत नाही. आजारी पोट, थंडी आणि उपास एकत्र आले की दोन-तीन दिवसांत ते संपते. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर हाच विषय घेतला आहे.

काहींना वाटेल, माणसांचेच दवाखान्याचे हाल असताना कुत्र्याचे काय घेऊन बसलात? त्यांना आम्ही एवढेच आठवण करून देऊ की १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची आणि त्यांचे लालनपालन करण्याची प्रतिज्ञा आहे. दयेवर आपल्याकडे भाषणे पुष्कळ होतात. लालनपालन हा शब्द मात्र आपण घाईत म्हणून जातो, आणि खरे काम त्यातच आहे. बाबासाहेबांना स्वतःला कुत्र्यांचा लळा होता. राजगृहावर फेब्रुवारी १९३४ मध्ये काढलेले कुटुंबाचे छायाचित्र अनेक घरांच्या भिंतीवर असते. त्यात रमाई, यशवंतराव, लक्ष्मीबाई आणि मुकुंदराव यांच्यासोबत टॉबी हा त्यांचा आवडता कुत्राही आहे. पुढच्या वेळी फोटोसमोर उभे राहाल तेव्हा बघा.

आता मुद्द्याकडे येऊ. नव्याने घरी आलेल्या कुत्र्याचे पोट बिघडणे ही फार नेहमीची गोष्ट आहे. बहुतेक वेळा ते साधे असते आणि घरच्या घरी दोन-तीन दिवसांत सावरते. काही वेळा मात्र ते जीवघेणे असते आणि तिथे काही तासांचा उशीरही महाग पडतो. रोजंदारीवर चालणाऱ्या घराला प्रत्येक पातळ शीसाठी दवाखान्यात धावणे परवडत नाही. म्हणून थांबायचे कुठे आणि धावायचे कुठे, हे ओळखता येणे सर्वांत महत्त्वाचे आहे.

पोट का बिघडते

रस्त्यावरचा कुत्रा जे मिळेल ते खातो. टपरीजवळचा शिळा पाव, खाटकाच्या दुकानामागची आतडी, लग्नाच्या पंगतीचे उष्टे, कचराकुंडीतला भात. त्याच्या आतड्यात राहणाऱ्या जिवाणूंची घडी त्याच अन्नाला सरावलेली असते. घरी आल्यावर प्रेमापोटी आपण एकाच दिवसात त्याला दूध-पोळी, बिस्किटे, अंडे, मटणाचा रस्सा आणि दुकानातून आणलेले कुत्र्याचे खाद्य असे सगळे देऊन टाकतो. त्या जिवाणूंना नव्या अन्नाशी जुळवून घ्यायला काही दिवस लागतात. तोवर न पचलेले अन्न आतड्यात पाणी ओढून घेते आणि पातळ शी होते.

दुसरे कारण भीती. आपल्याला वाटते, बिचाऱ्याला छप्पर मिळाले, आता त्याला आनंदच असणार. पण त्याच्या दृष्टीने त्याला ओळखीच्या वासातून उचलून अनोळखी खोलीत आणलेले असते. कुकरची शिट्टी, टीव्ही, गळ्यातला पट्टा, सारखे हाताळणारे दहा हात. या ताणाचा परिणाम थेट मोठ्या आतड्यावर होतो. मोठे आतडे शौचातले पाणी परत शोषून घेण्याचे काम करते. ताणामुळे ते काम नीट होत नाही आणि कुत्रा वारंवार, थोडी थोडी, शेंबडासारख्या चिकट आवेची शी करतो. शेवटी एखादा लाल रक्ताचा ठिपकाही दिसतो. कुत्रा मोठा असेल, खेळत असेल, खात असेल, उलटी नसेल, तर अशा शीला एवढे घाबरण्याचे कारण नाही. त्याला एक शांत कोपरा द्यावा, मुलांना दोन दिवस लांब ठेवावे आणि जेवण साधे ठेवावे. शी मोठ्या प्रमाणात, पाण्यासारखी होत असेल किंवा काळी, डांबरासारखी असेल तर मात्र बिघाड लहान आतड्यात किंवा पोटात वर कुठेतरी आहे असे समजावे. काळा रंग हा पचलेल्या रक्ताचा असतो आणि त्याला दवाखानाच हवा.

दुधाविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. पिल्लू म्हटले की आपल्याकडे पहिली वाटी दुधाचीच पुढे येते. पण गाई-म्हशीचे दूध आणि कुत्रीचे दूध यांत फरक आहे. कुत्रीच्या दुधात चरबी आणि प्रथिने जास्त असतात, दुधातली साखर कमी असते. ही साखर पचवणारे पाचकद्रव्य पिल्लाच्या आतड्यात असते, पण आईचे दूध सुटल्यावर ते कमी होत जाते. मग पिशवीतले दूध प्यायल्यावर ती साखर न पचताच पुढे सरकते, आतड्यात आंबते, वायू धरतो आणि जुलाब होतात. दूध-बिस्कीट हा तर दुहेरी मार आहे, कारण बिस्किटातली साखर आणि मैदा त्यात मिसळतो. दात आलेल्या, भात चाटून खाऊ लागलेल्या पिल्लाला दुधाची गरज नसते. दही त्यामानाने सोसते, कारण विरजणाने दुधातली साखर कमी केलेली असते. मऊ भातात चमचाभर ताजे दही बहुतेक कुत्र्यांना चालते. डोळेही न उघडलेले किंवा चार आठवड्यांच्या आतले पिल्लू हाती आले तर गोष्ट वेगळी. त्याला पिल्लांसाठी तयार मिळणारी दुधाची भुकटी लागते, ऊब लागते आणि दर दोन-तीन तासांनी पाजावे लागते. ते एकट्याच्या अंदाजावर करू नये, पशुवैद्यकाला विचारूनच करावे.

पहिले दहा दिवस

शक्य असेल तर कुत्रा आधी काय खात होता ते विचारावे. एखाद्या प्राणिप्रेमी संस्थेकडून किंवा रस्त्यावर रोज खाऊ घालणाऱ्या बाईंकडून तो आला असेल तर त्यांना माहीत असते. तेच अन्न दोन-तीन दिवस चालू ठेवावे. मग सात ते दहा दिवसांत हळूहळू बदल करावा. आधी तीन भाग जुने आणि एक भाग नवे, दोन-तीन दिवसांनी निम्मे-निम्मे, मग एक भाग जुने आणि तीन भाग नवे. मध्येच शी पातळ झाली तर एक पायरी मागे यावे. जुने काय ते माहीत नसेल, आणि रस्त्यावरच्या कुत्र्याचे बहुधा माहीत नसतेच, तर एकच साधे अन्न धरून ठेवावे. आज हे, उद्या ते करू नये.

उपाशी राहिलेला कुत्रा पोट भरल्यावर थांबत नाही. पुढ्यात ठेवाल तितके तो खातो, कारण पुन्हा कधी मिळेल याचा त्याला भरवसा नसतो. हे ज्यांनी आपल्या आजोबा-पणजोबांच्या तोंडून दुष्काळाच्या गोष्टी ऐकल्या आहेत त्यांना समजावून सांगायला नको. म्हणून ताट भरून देऊ नये. मोठ्या कुत्र्याला दिवसातून तीन-चार वेळा, पिल्लाला चार-पाच वेळा थोडे थोडे द्यावे. बरगड्या आणि कंबरेची हाडे दिसावीत इतका खंगलेला कुत्रा असेल तर जास्तच जपावे. फार काळ उपाशी राहिलेल्या शरीराला एकदम भरपूर अन्न मिळाले तर रक्तातल्या क्षारांचा तोल बिघडून जीव धोक्यात येतो. अशा कुत्र्याचे पहिल्या आठवड्याचे जेवण पशुवैद्यकाला विचारून ठरवावे.

जुलाब सुरू झालेच तर हलके अन्न द्यावे. कोंबडीचे कातडी आणि हाड काढलेले मांस नुसत्या पाण्यात उकडावे, बारीक फाडावे आणि मऊ शिजवलेल्या भातात मिसळावे. भात दोन भाग, कोंबडी एक भाग. त्यात तेल, तिखट, मीठ, मसाला काही नको. घरी रविवारी कोंबडी शिजतेच. फोडणीला टाकण्याआधी चार तुकडे वेगळे काढले की कुत्र्याचे दोन दिवसांचे काम होते. कोंबडी नसेल तर उकडलेले अंडे चालते. लाल भोपळ्याची वाफवून कुस्करलेली फोड त्यात घातली तर त्यातल्या तंतूंमुळे शी बांधली जाते. असे तीन-चार दिवस द्यावे. शी घट्ट झाली की लगेच नेहमीच्या अन्नावर उडी न मारता दोन-तीन दिवसांत मिसळत जावे.

आपल्या रस्स्याचा भात देण्याची सवय मोडायला हवी. त्यातला कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. एका घासाने काही होत नसेल, पण रोजच्या रस्स्याने रक्त कमी होत जाते. द्राक्षे, मनुका आणि चॉकलेट हेसुद्धा कुत्र्याला विषासारखे आहे. वाढदिवसाच्या केकचा तुकडा लाडाने भरवू नये. शिजवलेली हाडे ठिसूळ होतात, त्यांच्या अणकुचीदार कपच्या आतड्याला भोके पाडतात. कपच्या निघाल्या तरी हाडांचा चुरा साठून शी दगडासारखी अडते, आणि कुत्रा कुंथतो ते पाहून लोकांना जुलाबच लागले असे वाटते.

पाण्याची वाटी नेहमी भरलेली असावी. जुलाबात मरण येते ते मुख्यतः शरीरातले पाणी आणि क्षार निघून गेल्याने, हे माणसाच्या पोराला जितके खरे तितकेच पिल्लाला. उलट्या होत असतील तर एकदम वाटीभर पाणी न देता दर थोड्या वेळाने चमचा-दोन चमचे द्यावे. जुलाब झाले म्हणून पिल्लाचे अन्न तोडणे ही जुनी समजूत धोक्याची आहे. मोठ्या कुत्र्याने एखादे जेवण टाळले तर त्याचे काही बिघडत नाही. लहान पिल्लाच्या अंगात मात्र साखरेचा साठा जवळजवळ नसतो. काही तासांच्या उपासानेच ते थंड पडते, थरथरते, बेशुद्ध होते.

इथे थांबायचे नाही

पिल्लू सहा महिन्यांच्या आतले असेल, लस झालेली नसेल, आणि त्याला उलटी व जुलाब दोन्ही असतील, तर सकाळची वाट पाहायची नाही. पार्व्हो हा विषाणूचा आजार आधी असाच दिसतो. पिल्लू सुस्त होते, खात नाही, फेसाळ किंवा पिवळी उलटी करते, मग रक्तमिश्रित पातळ जुलाब सुरू होतात. त्यांना इतका सडका, उग्र वास असतो की एकदा आलेला तो वास माणूस विसरत नाही. हा विषाणू आतड्याच्या आतल्या अस्तराच्या पेशी मारतो आणि त्याच वेळी रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी करतो. म्हणजे भिंत पडते आणि पहारेकरीही नाहीसे होतात. हा आजार जगात १९७८ च्या सुमारास पसरला. आजही त्या विषाणूला मारणारे खात्रीचे औषध दवाखान्यात सर्रास मिळत नाही. उपचार म्हणजे सलाइन, उलटी थांबवणारे इंजेक्शन, जंतुसंसर्ग रोखणारी औषधे आणि ऊब. पिल्लाचे शरीर स्वतः लढून उभे राहीपर्यंत त्याला तगवून ठेवायचे. उपचार न केलेली बहुतेक पिल्ले मरतात आणि वेळेत सलाइन मिळालेली पुष्कळशी वाचतात. पहिल्या दिवशी नेणे आणि तिसऱ्या दिवशी नेणे यांतला फरक हा आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवावी. विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण तीन ते सात दिवस, कधी दोन आठवडेही जातात. त्यामुळे आणल्यावर चार दिवस हुंदडणारे पिल्लू पाचव्या दिवशी आडवे झाले तर "आमच्याकडे काहीतरी खाल्ले" असे म्हणत बसू नये. त्याने तो आजार रस्त्यावरूनच सोबत आणलेला असू शकतो. नजर लागली, कोणाचा पाय लागला, असे म्हणून मीठ-मोहरी ओवाळण्यात रात्र घालवणारी घरे आजही आहेत, आपल्यातही आहेत, हे लिहिताना वाईट वाटते.

मोठा कुत्रा असो की पिल्लू, काही खुणा घरीच तपासता येतात. ओठ वर करून हिरडी पाहावी. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोट लावल्यावर ती कोरडी, चिकट लागली तर पाणी कमी झाले आहे. पांढुरकी दिसली तर रक्त कमी झाले आहे. त्यामागे जंत किंवा गोचीडतापही असू शकतो. मानेच्या मागची कातडी चिमटीत उचलून सोडावी. ती पटकन खाली न बसता घडी तशीच राहिली तर शरीर सुकले आहे. ही परीक्षा फार बारीक कुत्र्यात फसवी ठरते, म्हणून हिरडीवर जास्त भरवसा ठेवावा. पोट नगाऱ्यासारखे फुगले आहे आणि कुत्रा ओकारी काढतो पण बाहेर काही येत नाही, वारंवार उलटी होते पण शी होत नाही, शी काळी आहे किंवा तिच्यात रक्त भरपूर आहे, कुत्रा उभा राहत नाही, यांतले एक जरी दिसले तरी लगेच निघावे. कचऱ्यावर जगलेल्या कुत्र्याच्या पोटात प्लॅस्टिकची पिशवी किंवा दोरा अडकलेला असतो. तिथे भात-कोंबडीचा काही उपयोग नाही.

रेबीजबद्दल एक सूचना. रस्त्यावरून नुकताच आलेला कुत्रा लाळ गाळतो, गिळता येत नाही, आवाज बदलला आहे, जबडा लोंबतो आहे, तर घशात हाड अडकले असेल असे समजून त्याच्या तोंडात हात घालू नये. त्याला एकट्याला बंद ठेवून पशुवैद्यकाला बोलवावे. कुत्रा चावला, ओरखडला किंवा जखमेवर त्याची लाळ लागली तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात लस घ्यावी. हळद, चुना, मिरची पूड काही लावू नये.

जंत

रस्त्यावरच्या जवळजवळ प्रत्येक पिल्लाच्या पोटात जंत असतात असे धरूनच चालावे. गोल जंत आईच्या पोटातच पिल्लात शिरतात, म्हणून जन्मलेले पिल्लूही त्यातून सुटत नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट मात्र मडक्यासारखे, हे त्याचे चित्र. उलटीत किंवा शीत शेवयांसारखे पांढरे जंत दिसतात. अंकुशकृमी डोळ्यांना सहसा दिसत नाहीत, पण आतड्याला चिकटून रक्त पितात आणि लहान पिल्लाला पांढरेफटक करतात. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे काही वळवळताना दिसले तर ते पट्टकृमीचे तुकडे. ते पिसवांमधून येतात, म्हणून पिसवा मारल्याशिवाय ते जात नाहीत.

जंताचे औषध स्वस्त आहे, पण ते वजनावर ठरते. शेजारच्या कुत्र्याची उरलेली गोळी अंदाजाने मोडून देऊ नये. पिल्लांना साधारण दोन आठवड्यांच्या वयापासून दर दोन आठवड्यांनी, तीन महिन्यांनंतर महिन्याला एकदा आणि सहा महिन्यांनंतर दर तीन महिन्यांनी औषध देतात. औषध दिल्यावर एक-दोन दिवस शी पातळ होऊन जंत पडतात. ते पाहून घाबरू नये. जंताचे औषध देऊनही शी आठवडाभर कधी बरी, कधी फिकट, तेलकट आणि घाण वासाची होत राहिली तर जिआर्डिया नावाचा सूक्ष्म परजीवी असू शकतो. तो साध्या जंताच्या एका गोळीने जात नाही, शी तपासूनच उपचार करावा लागतो.

माणसांची औषधे कुत्र्याला देणे हा तर वेगळाच धोका. पॅरासिटामॉलने कुत्र्याचे यकृत आणि रक्तपेशी बिघडतात. आयब्युप्रोफेनने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंड निकामी होते. जुलाब बंद करणारी गोळी आतड्याची हालचाल थांबवते आणि बाहेर पडायला हवे ते विष आतच कोंडते. घरात डब्यात पडलेल्या अँटिबायोटिकचे उरलेले दोन डोस देण्याची सवयही सोडावी. साध्या जुलाबाला त्याची गरज नसते, आणि गरज असते तेव्हा दोन डोस पुरत नाहीत.

साफसफाई

विनयपिटकातल्या महावग्गात एक प्रसंग आहे. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. त्याने कोणासाठी काही केले नव्हते म्हणून त्याच्याकडेही कोणी फिरकत नव्हते. विहारांची पाहणी करत भगवान बुद्ध आनंदासह तिथे आले. त्यांनी आनंदाला पाणी आणायला सांगितले, दोघांनी मिळून त्याला धुतले आणि एकाने डोक्याकडून, दुसऱ्याने पायांकडून उचलून त्याला मंचकावर निजवले. मग भिक्खूंना एकत्र बोलावून त्यांनी रुग्णसेवेविषयी समजावले. हा प्रसंग इथे सांगण्याचे कारण असे की कुत्र्याची घाण कोणी काढायची यावरून घरात जे भांडण होते, त्यात ते काम शेवटी आईच्या किंवा सुनेच्या गळ्यात पडते. ज्या समाजावर पिढ्यान् पिढ्या दुसऱ्यांची घाण लादली गेली, त्या समाजातल्या घरात तरी हे काम एकीवर लादले जाऊ नये. ज्याने पिल्लू आणले त्याने शिकावे, आणि बाकीच्यांनी पाळी लावून घ्यावी.

शी उचलताना हातात पिशवी किंवा हातमोजा असावा. शी रोजच्या रोज उचलावी. गोल जंताची अंडी बाहेर पडल्यावर मातीत रुजून संसर्ग करण्याइतकी तयार व्हायला दोन-तीन आठवडे घेतात, म्हणून ताजी उचललेली शी सुरक्षित आणि अंगणात साचलेली धोक्याची. ही अंडी मातीत खेळणाऱ्या मुलांच्या नखांतून पोटात जातात, आणि अंकुशकृमीच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडीतून शिरून नागमोडी खाज उठवतात. मुलांना जेवणाआधी साबणाने हात धुवायची आणि पायात चप्पल घालायची सवय हाच त्यावरचा उपाय. पार्व्हो मात्र माणसाला होत नाही, त्यामुळे त्या भीतीने पिल्लू बाहेर काढू नये.

पार्व्होचा विषाणू फरशीवर, मातीत, चपलेच्या तळाला महिनोन् महिने टिकतो. फिनेलने तो मरेल याची खात्री नाही, शिवाय फिनेल लागलेले पंजे चाटून कुत्र्याला विषबाधा होते. आधी साबणाच्या पाण्याने घाण पूर्ण काढावी, मग कपडे पांढरे करायचे ब्लीच एक भाग आणि पाणी तीस भाग असे मिसळून फरशी दहा मिनिटे ओली ठेवावी, नंतर साध्या पाण्याने धुवावी. कुत्र्याला तोवर दुसरीकडे ठेवावे, खिडकी उघडी असावी. ब्लीच आणि संडास साफ करायचे ॲसिड कधीही एकत्र करू नये. त्यातून निघणारा वायू माणसाचाही जीव घेऊ शकतो. अंथरूण स्वस्तातले असेल तर जाळून टाकलेले बरे. ज्या घरात पार्व्होने पिल्लू गेले त्या घरात पुढचे काही महिने लस न झालेले दुसरे पिल्लू आणू नये. मुले हट्ट करतील तरीही.

दवाखान्यात

सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने फक्त गाई-म्हशींसाठी असतात असा आपल्याकडे समज आहे. तिथे कुत्रेही तपासतात आणि शुल्क खाजगीपेक्षा पुष्कळ कमी असते. मुंबईत परळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आणि त्याच परिसरात बाई साकराबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचे जुने रुग्णालय आहे. नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही प्राण्यांवर उपचार होतात. सलाइन लावायची वेळ आली तर खर्चाचे आधीच स्पष्ट विचारावे. त्यात लाजण्यासारखे काही नाही. परवडत नसेल तर तसे सांगावे. रोज रुग्णालयात ठेवण्याऐवजी रोज नेऊन कातडीखाली सलाइन देणे, असा मधला मार्ग काही वेळा निघतो.

जाताना स्वच्छ डबीत सकाळची ताजी शी न्यावी, सुपारीएवढी पुरते. ती उन्हात ठेवू नये. उलटीचा आणि शीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. आपण ज्याला "थोडे रक्त" म्हणतो ते डॉक्टरांनी पाहिलेले बरे. कुत्रा कुठून आणि कधी आणला, काय काय खायला दिले, घरात कोणते औषध दिले, हे लपवू नये. जंताची गोळी आणि लस झाली असल्यास त्याचा कागद सोबत ठेवावा.

आजारी असताना पिल्लाला लस देत नाहीत, बरे झाल्यावर डॉक्टर तारीख सांगतात. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांच्या वयात, मग सोळा आठवड्यांचे होईपर्यंत दर तीन-चार आठवड्यांनी, आणि रेबीजची तीन महिन्यांच्या सुमारास. एका सुईने भागत नाही, कारण आईकडून आलेली प्रतिकारशक्ती पहिल्या लसीला काही पिल्लांत निष्प्रभ करते. हे डोस पूर्ण होईपर्यंत पिल्लाला इतर कुत्र्यांच्या घोळक्यात, गटाराकडे किंवा कचराकुंडीजवळ फिरवू नये. तारखा घरातल्या कॅलेंडरवर, गॅस सिलिंडरच्या तारखेशेजारी लिहून ठेवाव्यात.